थॉरचा हातोडा गळ्यात घालणारे लोक नेमकं काय मानतात?

१८१३ साली पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. मायदेशी धाडलेल्या त्यांच्या पत्रांत इथल्या माणसांसाठी एक शब्द सारखा भेटतो: हीदन. शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ फोडणारा तो हीदन. शब्दात कीव होती, तुच्छताही होती. पण तो मुळात आपल्यासाठी घडवलेला नव्हता. त्याच्या हजारेक वर्षं आधी उत्तर युरोपातल्या नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी तो आपल्याच भाऊबंदांसाठी वापरला होता, जे अजून जुने देव सोडायला तयार नव्हते. ‘हीथ’ म्हणजे माळरान. त्यावरूनच बहुधा माळावरचा, आडगावचा तो हीदन. थोडक्यात, गावंढळ.

आज आइसलँड, डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका इथली हजारो माणसं हाच शब्द स्वतःहून मिरवतात. ते ओडिन, थॉर, फ्रेया, फ्रेयर, टीर अशा देवांना मानतात, थॉरचा हातोडा गळ्यात घालतात. कुणी स्वतःला हीदन म्हणवतं, कुणी आसात्रू. आसात्रू म्हणजे ‘आस’ कुळातल्या देवांवरची निष्ठा. हे देव आपल्या घरात रोज असतात, फक्त आपल्या लक्षात येत नाही. रोमन लोकांचे ग्रहवार आपल्या भाषेत आणताना जर्मानिक टोळ्यांनी मंगळाच्या जागी टीर बसवला, बुधाच्या जागी ओडिन, गुरूच्या जागी थॉर आणि शुक्राच्या जागी फ्रिग. भिंतीवरच्या कॅलेंडरात ‘गुरु’ आणि ‘थर्सडे’ एकाखाली एक छापलेले दिसतात, तेव्हा दोन देव एकाच चौकटीत दाटीवाटीने बसलेले असतात.

आता मुख्य अडचण. हा धर्म मध्येच तुटला होता. आपल्याकडे आजीने केलं ते आईने केलं, तशी सलग परंपरा इथे नाही. आइसलँडमध्ये इसवी सन १००० च्या सुमारास आल्थिंग या लोकसभेत ख्रिस्ती विरुद्ध जुने असा वाद हातघाईवर आला, तेव्हा निवाडा थोरगेर नावाच्या विधिप्रमुखावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या देवांना मानणारा. एक दिवस आणि एक रात्र तो घोंगडं पांघरून गप्प पडून राहिला. मग उठून म्हणाला, कायदा एकच हवा, धर्म एकच हवा, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. सवलती तीनच ठेवल्या: नको असलेलं मूल उघड्यावर टाकणं, घोड्याचं मांस खाणं आणि गुपचूप जुन्या देवांना बळी देणं. काही वर्षांत त्याही गेल्या.

या सवलतींची यादी नीट वाचावी. जुनं ते सगळं सोनं असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याला तिच्यातली पहिली ओळ दाखवीन. त्या समाजात गुलामगिरी होती, नरबळीही होता. दहाव्या शतकात बगदादहून निघालेल्या इब्न फदलान या अरब प्रवाशाने व्होल्गा नदीकाठी उत्तरेकडून आलेल्या रूस लोकांच्या एका सरदाराचा अंत्यविधी पाहिला. त्यात एका दासीला मारून धन्यासोबत जाळलं, ते त्याने तपशिलाने लिहून ठेवलंय. आजचे हीदन यातलं काहीही करत नाहीत. म्हणजे जुन्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्यांना ठरवावं लागतं, आणि त्यांची सगळी नीती, सगळं राजकारण या निवडीतूनच निघतं.

निवड करायची तर हाताशी काय आहे? फार नाही. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिलेली काव्यं आणि कथा, म्हणजे दोन ‘एड्डा’. त्यातली एक लिहिणारा स्नोरी स्टुर्लुसन स्वतः ख्रिस्ती. इसवी सन ९८ च्या सुमारास रोमन लेखक टॅसिटसने जर्मानिक टोळ्यांबद्दल जे लिहिलं ते. शिवाय काही शिलालेख, थडगी, गावांची नावं. मिशनऱ्यांच्या पत्रांवरून आणि चार-दोन ओव्यांवरून कुणी पंढरपूरची वारी पुन्हा उभी करायची ठरवली तर कशी दिसेल, कल्पना करा. या मंडळींची दशा काहीशी तशीच. त्यामुळे त्यांच्यात पुस्तकं वाचणारे भयंकर. ‘गृहपाठ असलेला धर्म’ असा विनोद ते स्वतःवरच करतात.

आधुनिक काळात याला पहिलं ठसठशीत रूप दिलं ते एका मेंढपाळ शेतकऱ्याने. स्वेनब्यर्न बेइन्तेइन्सन (१९२४–१९९३) हा आइसलँडचा कवी, जुन्या पद्धतीची ‘रीमुर’ गाणी म्हणणारा, लांब पांढऱ्या दाढीचा. १९७२ साली, तिकडच्या पंचांगातल्या ‘उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी’ (तो एप्रिलात येतो आणि तेव्हा कधीकधी बर्फही पडतो) त्याने आणि मित्रांनी एक संघटना काढली: आसात्रूआरफेलागिद. नाव उच्चारताना जीभ अडखळते, अर्थ मात्र साधा, ‘आसात्रू मंडळ’. त्याआधी एकच वर्ष, १९७१ मध्ये, एड्डाचं मुख्य हस्तलिखित डेन्मार्कने जहाजातून आइसलँडला परत केलं होतं आणि बंदरावर माणसांची रीघ लागली होती. ती हवा यामागे होतीच.

सरकारी मान्यतेसाठी ही मंडळी मंत्र्याला भेटली तेव्हा त्याला ती थट्टाच वाटली. ते परत निघाले आणि जोराचं वादळ झालं, वीज पडली, राजधानीतल्या बऱ्याच भागातले दिवे गेले, असं सांगतात. थॉर वीज-गडगडाटाचा देव, त्यामुळे हा किस्सा चवीने सांगितला जातो. बिशपचा विरोध असूनही १९७३ मध्ये मान्यता मिळाली. आज या मंडळाचे पाच हजारांहून जास्त सभासद आहेत. देशाची लोकसंख्या चार लाखांच्या आत, त्यामुळे तो आकडा तिथे लहान नाही. लग्नं लावायची, अंत्यविधी करायचा कायदेशीर अधिकार आहे. सरकार नोंदणीकृत धर्मसंस्थांना माणशी जी रक्कम देतं, तीही मिळते. रेक्याविकमधल्या ओस्क्युह्लीद टेकडीवर त्यांनी २०१५ मध्ये देऊळ बांधायला घेतलं. पुढचं काम ठरल्या वेळेत झालं नाही. देवळाचं काम रखडणं ही गोष्ट तरी आपल्याला समजावून सांगायला नको.

तर करतात काय? मुख्य विधी ‘ब्लोत’. पूर्वी याचा अर्थ बळी होता, आता बहुतेक ठिकाणी पेय आणि जेवण. कुणाच्या परसात, बागेत किंवा माळावर माणसं गोल उभी राहतात. मध्ये शेकोटी. एकजण ‘मीड’ म्हणजे मधाची दारू शिंगात ओततो. दारू न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा रसही चालतो. देवाचं नाव घेतलं जातं, शिंग हातोहात फिरतं. प्रत्येकजण दोन शब्द बोलतो, घोट घेतो, पुढे देतो. कुणाचा आवाज दाटतो, कुणाला काही सुचत नाही म्हणून तो फक्त मान झुकवतो. शेवटी उरलेलं झाडाच्या बुंध्याशी ओततात. दुसरा प्रकार ‘सुंबेल’. त्यात बसून फेऱ्या होतात: सहसा पहिली देवांची, दुसरी गेलेल्या माणसांची, तिसरी स्वतःच्या शब्दाची. तिसऱ्या फेरीत शिंग हातात असताना जे बोलाल ते शपथ मानलं जातं. ‘यंदा सिगारेट सोडीन’ म्हणालात तर पुढच्या वर्षी ती माणसं विचारणार.

या देवाणघेवाणीला ते ‘भेटीला भेट’ म्हणतात. ‘हावामाल’ नावाच्या जुन्या काव्यात (ते ओडिनच्या तोंडी आहे) म्हटलंय की भेट नेहमी परतीची वाट पाहते. आपण लगेच म्हणू, म्हणजे नवस. तसं नाही. नवस हा सौदा आहे: तू हे कर, मी ते देतो. हीदनांची कल्पना आहेराच्या वहीच्या जास्त जवळ जाते. कुणी काय दिलं ते वहीत लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या घरच्या कार्याला आपण तेवढ्याच तोलाचं नेतो. हिशोब कधीच पूर्ण मिटत नाही, मिटला तर नातंच संपलं. देवाशी, पूर्वजांशी, शेजाऱ्याशी, सगळ्यांशी अशी वही चालू ठेवायची. जमिनीशीसुद्धा: आइसलँडमध्ये ‘लँडव्हेट्टिर’ म्हणजे जागेचे रक्षक मानतात, आपल्या कोकण-गोव्यातल्या राखणदारासारखे. जुन्या कायद्यात म्हणे असं कलम होतं की किनारा दिसू लागला की जहाजावरची जबडा वासलेली मुंडकी उतरवून ठेवायची, राखणदार बिचकायला नकोत.

पाप, पश्चात्ताप, मुक्ती ही चौकट इथे नाही. दहा आज्ञा नाहीत. देव सर्वशक्तिमान नाहीत. राग्नारोकच्या शेवटच्या लढाईत त्यांतले बरेच मरणार आहेत आणि ते त्यांना ठाऊक आहे. देव आदर्श वागतात असंही नाही. ओडिन धडधडीत फसवतो. मग चांगलं-वाईट ठरवायचं कशावरून? कृतीवरून, दिलेल्या शब्दावरून आणि मागे उरणाऱ्या नावावरून. हावामालमधलं सगळ्यात प्रसिद्ध कडवं साधारण असं: गुरं मरतात, सोयरे मरतात, तूही मरशील, पण ज्याने चांगलं नाव कमावलं त्याचं नाव मरत नाही. माणसाच्या कृत्यांचे थर साचत जातात आणि त्यातून पुढचं घडतं, याला ‘ओर्लोग’ म्हणतात. त्याला घाईघाईने कर्म म्हणू नका. कर्म आपल्यासोबत जन्मोजन्मी फिरतं. ओर्लोगचे थर, आजचे हीदन त्याचा अर्थ लावतात त्याप्रमाणे, घरात आणि समाजात साचतात. आजोबांनी जे करून ठेवलं त्याचं ओझं नातवाच्याही खांद्यावर येतं.

एक सावधगिरीची सूचना. इंटरनेटवर ‘व्हायकिंगांचे नऊ सद्गुण’ फार फिरतात: धैर्य, सत्य, मान, निष्ठा, शिस्त, आतिथ्य, उद्योग, स्वावलंबन, चिकाटी. टी-शर्टावर, मगवर, टॅटूत. ही यादी १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या ओडिनिक राइट या संघटनेच्या लोकांनी तयार केली. कुठल्याही जुन्या पोथीत ती नाही. त्यात काही गैर आहे असं नाही, पण हजार वर्षांपूर्वीची म्हणून ती कुणी खपवू नये. आणि काय गाळलंय तेही बघण्यासारखं. स्वावलंबन आहे, औदार्य नाही. हावामालमध्ये मात्र औदार्य पानोपानी आहे.

आता राजकारण. इथे दोन टोकं आहेत आणि दोघांचाही दावा एकच: आम्ही पूर्वजांचा धर्म पाळतो.

एका टोकाला ‘फोकिश’ म्हणवणारे. त्यांच्या मते धर्म रक्तातून येतो. अमेरिकेतल्या स्टीफन मॅकनॅलनने १९८५ मध्ये ‘मेटाजेनेटिक्स’ नावाची कल्पना मांडली: धार्मिक वृत्ती वंशाबरोबर उतरते, म्हणून हे देव उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांचेच. त्याने काढलेली आसात्रू फोक असेंब्ली हेच धोरण चालवते. २०२० मध्ये तिने मिनेसोटातल्या मर्डॉक या तीनशेहूनही कमी वस्तीच्या गावात एक बंद पडलेलं लुथरन चर्च विकत घेतलं. गावकरी भडकले. तरी डिसेंबरात नगरपरिषदेने परवानगी दिली, कारण नकार दिला तर धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याखाली खटला अंगाशी आला असता. आम्ही कुणाचा द्वेष करत नाही, आपलं तेवढं जपतो, असं हे लोक सांगतात. ‘आपलं तेवढं जपतो’ हे वाक्य मी मराठीतही इतक्यांदा ऐकलंय की त्यापुढे काय येतं याचा अंदाज असतो.

याची मुळं जुनी आहेत. व्हिएन्नातला गूढवादी गीडो फॉन लिस्ट १९०२ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवर पट्टी बांधून बसला होता. त्या अंधारात आपल्याला अठरा रुनांचं रहस्य उलगडलं, असं त्याने सांगितलं. रुन म्हणजे उत्तरेकडची जुनी कोरीव अक्षरं. त्यातल्या एका अक्षराचा जुना अर्थ ‘सूर्य’. लिस्टच्या परंपरेत तो ‘विजय’ झाला, आणि पुढे तेच अक्षर दोनदा काढून नाझींच्या एसएस दलाची खूण बनली. स्वस्तिकाबाबत काय झालं ते वेगळं सांगायला नको. त्या काळी आर्यांचं मूळ उत्तरेत शोधणं विद्वानांच्या हवेतच होतं. आपल्या टिळकांनीही १९०३ मध्ये आर्यांचं मूळ ठिकाण उत्तर ध्रुवाजवळ मांडलं. त्यांना वेदांचा काळ मागे न्यायचा होता. युरोपात मात्र त्याच हवेतून पुढे छळछावण्या आल्या.

धागा तिथे तुटला नाही. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींवर हल्ला करणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्यात ‘वल्हालात भेटू’ लिहिलं होतं (वल्हाला म्हणजे लढाईत मेलेल्यांसाठीचा ओडिनचा महाल). ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकेच्या संसदेत शिंगांची टोपी घालून घुसलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर थॉरचा हातोडा गोंदलेला होता. अशा वेळी ‘ते खरे हीदन नाहीतच’ असं म्हणून बाजूला होणं सोपं असतं. मला ते पटत नाही. ते त्याच देवांची नावं घेतात, त्याच पोथ्या वाचतात. ती याच झाडाची एक फांदी आहे, आणि झाडाची काळजी असलेल्यांनी तिच्याबद्दल बोललंच पाहिजे.

दुसऱ्या टोकाचे लोक बोलतातही. अमेरिकेत १९८७ मध्ये निघालेली द ट्रॉथ ही संघटना कुठल्याही वंशाच्या, लिंगाच्या माणसाला घेते. फोक असेंब्लीने २०१६ मध्ये वंश आणि स्त्री-पुरुष भेदावर कडक निवेदन काढलं, तेव्हा अनेक देशांतल्या हीदन गटांनी ‘डिक्लेरेशन १२७’ वर सह्या करून तिच्याशी संबंध तोडले. हा आकडा हावामालमधल्या कडव्याचा: वाईट दिसलं की ते वाईट आहे असं बोल, आणि शत्रूंना सलोखा देऊ नकोस. आइसलँडच्या मंडळाने तर स्पष्टच म्हटलंय की वंशश्रेष्ठत्व, युद्धखोरी आणि पशुबळी यांसाठी आमचं नाव वापरू नका. त्यांचा सध्याचा प्रमुख हिल्मर अर्न हिल्मरसन चित्रपटांना संगीत देणारा माणूस. एकडोळ्या ओडिनला आठ पायांच्या घोड्यावर बसलेला तो शब्दशः खरा मानत नाही. या कथा निसर्गाच्या आणि मनाच्या शक्तींची रूपकं आहेत असं म्हणतो. हे मंडळ समलिंगी जोडप्यांची लग्नं लावतं, म्हणून परदेशातल्या ‘खऱ्या’ भक्तांकडून त्यांना शिवीगाळीची पत्रं आली. उपरा येऊन यजमानाला धर्म शिकवतो, हे दृश्य कुठेही सारखंच.

या दोघांच्या मध्ये बरीच मोठी गर्दी आहे. लहान गट, दहा-पंधरा घरं, ज्यांना ना जाहीरनामे लिहायचेत ना वंशावळ तपासायची. अमेरिकेत सैन्यातले बरेच. २०१३ पासून तिथल्या सरकारी लष्करी स्मशानातल्या दगडावर क्रॉसऐवजी थॉरचा हातोडा कोरून मिळतो. त्यांच्यात डावे आहेत, ‘सरकारने माझ्या दारात येऊ नये’ म्हणणारे आहेत, पर्यावरणवाले आहेत. एकच राजकारण शोधू गेलात तर सापडणार नाही.

पण पोथ्या कुणाच्या बाजूला झुकतात? माझं उत्तर ठरलेलं आहे. रक्ताच्या शुद्धतेची बात करणाऱ्यांनी देवांचीच वंशावळ काढावी. ओडिनची आई बेस्टला राक्षसकुळातली. थॉरची आई यर्द, म्हणजे पृथ्वी, तीही त्याच कुळातली. न्योर्द, फ्रेयर, फ्रेया हे मुळात शत्रूपक्षातले ‘वान’, युद्धानंतर ओलीस म्हणून आले आणि घरचेच झाले. पुरुषीपणाचा आदर्श मानला जाणारा थॉर आपला चोरलेला हातोडा मिळवायला नवरीच्या वेषात, तोंडावर पदर ओढून मंडपात जातो. विज्ञानही रक्तवाल्यांना साथ देत नाही. आइसलँड वसवणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त ब्रिटन-आयर्लंडकडच्या होत्या, हे जनुकांवरून दिसतं. २०२० च्या ४४२ जुन्या सांगाड्यांच्या अभ्यासात स्कॉटलंडच्या उत्तरेला व्हायकिंग म्हणून, तलवारीसकट पुरलेली माणसं वंशाने स्कँडिनेव्हियन नव्हतीच असं आढळलं.

आणि हावामालची सुरुवातच बघा. देवांचा राजा तोंड उघडतो तेव्हा वंशाबद्दल बोलत नाही. दार उघडून पाहुणा आत आलाय, त्याला कुठे बसवायचं, असं विचारतो. डोंगर तुडवून आलेल्याचे गुडघे गारठलेत, त्याला आधी शेकोटी द्या. मग खायला, कोरडे कपडे. मग पाणी, पंचा आणि दोन गोड शब्द. कुठला, कुणाचा, हे इथे कुणी विचारत नाही.

स्टॉकहोमजवळ मेलारेन सरोवरात हेल्गो नावाचं बेट आहे. १९५६ मध्ये तिथल्या जुन्या वस्तीच्या उत्खननात तळहातावर मावेल एवढी काशाची मूर्ती निघाली. कमळावर पद्मासनात बसलेला बुद्ध, साधारण सहाव्या शतकातला, स्वात-काश्मीरकडच्या कारागिराने ओतलेला. कितीतरी हातांतून फिरत, व्होल्गाकडच्या नद्यांतून होड्या बदलत तो तिथवर पोचला असणार. थॉरला मानणाऱ्या कुणीतरी तो आपल्या घरात ठेवला असावा. आता तो स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे.